उतार फुकट, चढ महाग

टोरोंटोतल्या एखाद्या बागेतल्या टेकडीवरून प्लास्टिकची घसरगाडी खाली यायला फार तर पंधरा-वीस सेकंद लागतात. तीच गाडी दोरीने ओढत परत वर न्यायला दीड-दोन मिनिटं. मुलांच्या हिशेबात ही दुसरी बाब धरलेलीच नसते. त्यांच्या लेखी स्लेडिंग म्हणजे खाली येणं. फ्लूने किंवा न्यूमोनियाने अंथरुणाला खिळून नुकत्याच उठलेल्या आईला किंवा बाबाला मात्र आधी तीच पाहावी लागते. टेकडीवर दुखणं उलटतं ते बहुधा चढताना.

थंड मुलखात हा पेच दर हिवाळ्यात येतो, कारण फ्लूची लाट आणि घसरायला चांगला बर्फ साधारण एकाच सुमारास असतात. ऑन्टॅरियोत २००८पासून फेब्रुवारीचा तिसरा सोमवार ‘फॅमिली डे’ म्हणून सुट्टीचा असतो आणि बर्फ असेल तर त्या दिवशी टेकड्यांवर जत्रा भरते. पुण्या-नाशकाहून मिसिसागा किंवा ब्रॅम्प्टनला येऊन राहिलेल्या घरात आजी, मावशी, काका हाताशी नसतात. मोठं माणूस आजारी पडलं की मुलाच्या कानी आठ-दहा दिवस ‘आईला झोपू दे’, ‘हळू बोल’ एवढंच पडत असतं. ताप उतरल्याचा सुगावा लागताच ते स्नो-पँट चढवून दाराशी उभं राहतं. अशा वेळी नाही म्हणणं जड जातं, आणि माझ्या मते दर वेळी नाही म्हणायचं कारणही नाही. फक्त आपण कशाला हो म्हणतोय ते ठाऊक असावं.

फ्लूचा ताप साधारण तीन-चार दिवसांत जातो. खोकला आणि अंगातला गळाठा दोन आठवडे, कधी त्याहून जास्त रेंगाळतो. न्यूमोनियाची मुदत आणखी लांब. ब्रिटनमधल्या ‘नाइस’ या संस्थेने रुग्णांना काय सांगावं याचं एक वेळापत्रकच डॉक्टरांना दिलं आहे: आठवड्याभरात ताप गेलेला असावा, चार आठवड्यांत छातीतलं दुखणं आणि कफ बराच कमी व्हावा, सहा आठवड्यांत खोकला आणि धाप ओसरावी, तीन महिन्यांनी बहुतेक तक्रारी संपतात तरी थकवा असू शकतो, आणि सहा महिन्यांत बहुतेक माणसं पूर्ववत होतात. टायफॉइडमधून उठलेल्या नातवाला महिनाभर उंबऱ्याबाहेर जाऊ न देणाऱ्या, मऊ भातावर ठेवणाऱ्या आपल्या आज्यांना आपण हसतो. त्यांनी सांगितलेली कारणं कदाचित बरोबर नसतील, पण मुदत फारशी चुकीची नव्हती.

ताप गेल्यावरही त्राण का नसतं, याचं उत्तर काही अंशी आजारात असतं आणि काही अंशी अंथरुणात. शरीर संसर्गाशी झगडताना स्नायूंमधली प्रथिनं मोडून वापरतं. त्याच वेळी पडून राहिल्याने रक्तातला द्रवभाग घटतो आणि हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासरशी कमी रक्त बाहेर पडतं. १९६६ साली अमेरिकेत डॅलस इथे पाच निरोगी, विशीतल्या तरुणांना तीन आठवडे नुसतं पलंगावर झोपवून ठेवलं होतं. आजार कसलाच नव्हता. तरी जोराचा व्यायाम करताना प्राणवायू वापरण्याची त्यांची कमाल क्षमता पाव हिश्शाहून जास्त घसरली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं, तेव्हा असं दिसलं की विशीतल्या त्या तीन आठवड्यांनी जेवढं नुकसान केलं, तेवढं मधल्या तीस वर्षांच्या वयानेही केलं नव्हतं. आजारी माणूस पुरते तीन आठवडे पडून नसतो हे खरं. पण तो विशीतला निरोगी तरुणही नसतो.

आता टेकडीचा हिशेब मांडू. टेकडी १२ मीटर उंच, म्हणजे चार मजली इमारतीएवढी. आईचं वजन ६५ किलो, गाडीत बसलेल्या मुलाचं २०, आणि जाड कपडे, बूट, गाडी मिळून ५. असे ९० किलो दीड मिनिटात वर न्यायचे तर सुमारे १२० वॉट इतकं निव्वळ यांत्रिक काम सतत करावं लागतं. स्नायू हे काही फार काटकसरी यंत्र नाही. अन्नातून मिळालेल्या ऊर्जेचा जेमतेम पाव भाग कामी येतो, बाकीची उष्णता होते. तेव्हा शरीराला पावणेपाचशे वॉटच्या आसपास खर्च येतो, आणि नुसतं स्वस्थ बसल्यावर लागणारे ७५ वॉट वेगळे. एकूण खर्च बसल्या जागेच्या सातपट. व्यायामशास्त्रात या ‘पटी’ला मेट म्हणतात. वेगवेगळ्या कामांना किती मेट लागतात याची एक मोठी सूची संशोधक वापरतात, आणि तीत स्लेडिंग-टोबॉगनिंगपुढे सातचाच आकडा आहे. सपाट रस्त्यावरच्या साध्या चालण्याला तीन-साडेतीन मेट पुरतात.

बैठं काम करणाऱ्या चाळिशीतल्या माणसाची कमाल मजल साधारण आठ ते दहा मेटची असते. आजारपणात तिचा पाव भाग गेला असं धरलं तर उरतात सहा ते साडेसात. म्हणजे जी टेकडी एरवी दम काढते, ती आता शरीराच्या थेट छताला टेकते. मुलाला काय त्याचं! त्याला दहा फेऱ्या हव्या असतात.

हाच हिशेब थोडा हलवून पाहण्यात खरी गंमत आहे. मुलाला गाडीतून उतरवून चालायला लावलं आणि चढ दीडऐवजी तीन मिनिटांत पार केला, तर आईचा खर्च सातवरून साडेतीन मेटच्या आत येतो. टेकडी तीच, उंची तीच, पण काम सपाट रस्त्यावर चालण्याएवढं. मूल गाडीतच राहिलं आणि वेग मात्र निम्मा केला, तरी आकडा चारच्या आसपास थांबतो. बर्फात पाय रुततात त्याचा खर्च यात धरलेला नाही. बुटांचं वजन धरलंय, पण ते पायात वाहण्याचा जादा खर्च नाही, आणि ती बाब लहान नाही. पाठीवरच्या एका किलोपेक्षा पायातला एक किलो वाहायला चार-पाच पट महाग पडतो, कारण तो दर पावलाला उचलून पुढे टाकावा लागतो. ओले, बर्फ चिकटलेले हिवाळी बूट घालून चढणाऱ्याला हे आकडेमोडीशिवाय कळतं. ताज्या बर्फात नवी वाट पाडण्यापेक्षा आधीच्या लोकांनी तुडवलेल्या पायवाटेने जावं, कडेकडेने, नागमोडी. घसरणाऱ्यांच्या मार्गात न येण्यासाठीही तीच वाट बरी.

टेकडीला पोचण्याआधीच एक चढ झालेला असतो, तो म्हणजे मोटारीभोवतीचा बर्फ उपसणं. १९९५ साली मिशिगनमधल्या संशोधकांनी दहा निरोगी पण व्यायाम नसलेल्या पुरुषांना दहा-दहा मिनिटं फावड्याने ओला, जड बर्फ उपसायला लावलं. त्यांचे ठोके मिनिटाला १७५च्या घरात गेले, म्हणजे ट्रेडमिलवर धापा टाकेपर्यंत पळवल्यावर जेवढे जातात जवळपास तेवढे. हातांनी केलेलं काम, श्वास रोखून दिलेला जोर आणि थंडीने आक्रसलेल्या रक्तवाहिन्या हे तिन्ही मिळून रक्तदाब चढवतात. त्यात ऑन्टॅरियोतल्याच रुग्णांच्या नोंदींवरून २०१८ साली प्रसिद्ध झालेला एक निष्कर्ष जोडून पाहावा: फ्लूचं निदान झाल्यानंतरच्या सात दिवसांत हृदयविकाराचा झटका येण्याचा धोका एरवीच्या सहापट असतो. हे रुग्ण बहुतेक उतारवयाचे होते, तेव्हा पस्तिशीतल्या बाबाने धसका घेण्याचं कारण नाही. पण साठीतले आजोबा नातवंडांकडे आले असतील, फ्लूतून उठले असतील, आणि ‘मी नेतो रे त्याला’ म्हणत फावडं हातात घेत असतील, तर ते काढून घ्यावं.

श्वासाचंही पाहू. उणे १० अंशांच्या हवेत घनमीटरमागे जेमतेम सव्वादोन ग्रॅम पाणी मावतं. फुप्फुसात पोचेपर्यंत तीच हवा ३७ अंशांची आणि पूर्ण दमट व्हावी लागते, म्हणजे तिच्यात घनमीटरमागे सुमारे ४४ ग्रॅम पाणी हवं. हा फरक नाक आणि श्वासनलिकांचं अस्तर भरून काढतं. निवांत बसलेल्या माणसाचं नाक हे काम बिनबोभाट करतं. चढ लागला की मिनिटाला चाळीस-पन्नास लिटर हवा लागते, तोंड उघडतं, आणि कोरडी थंड हवा थेट खाली जाते. वीस-पंचवीस मिनिटांच्या चढाईत असा एक अख्खा घनमीटर आत जातो. अस्तरावरचा ओलावा उडाला की उरलेला द्रव खारट होतो, पेशी चिडतात, नलिकांभोवतीचे स्नायू आवळतात. क्रॉस-कंट्री स्कीइंग करणाऱ्या निरोगी खेळाडूंमध्येही यामुळे दम्यासारखी लक्षणं बरीच आढळतात. विषाणूने ज्याच्या श्वासनलिकांचं अस्तर आधीच सोललंय, त्याला टेकडीच्या अर्ध्यावर खोकल्याची उबळ येते ती यातूनच, आणि हा हळवेपणा काही आठवडे टिकतो. नाकातोंडावरून मफलर घेतला की सुटलेल्या श्वासाची ऊब आणि ओल त्यात अडकते आणि पुढच्या श्वासाला परत मिळते. मफलर काही वेळाने ओला होऊन गोठतो, म्हणून दुसरा खिशात असावा.

आता घरोघरीचा प्रश्न: गारठ्याने पुन्हा सर्दी होईल का? याचा निकाल इतका सरळ नाही. १९६८ साली अमेरिकेत स्वयंसेवकांच्या नाकात सर्दीचा विषाणू घालून काहींना थंडीत ठेवलं. थंडी सोसलेले जास्त आजारी पडले नाहीत. २००५ साली कार्डिफमध्ये ९० जणांचे पाय वीस मिनिटं गार पाण्यात ठेवले, तर पुढच्या चार-पाच दिवसांत त्यांच्यापैकी १३ जणांनी सर्दी झाल्याचं सांगितलं. पाय कोरडे ठेवलेल्या ९०पैकी फक्त पाच जणांनी. पण तिथे विषाणूची तपासणी झालीच नव्हती. ‘गारवा लागला’ म्हणणाऱ्या आईला पुरतं खोडून काढण्याएवढा पुरावा नाही, आणि तिला पुरतं खरं ठरवण्याएवढाही नाही. त्यापेक्षा उलट्या दिशेची काळजी जास्त करावी, म्हणजे आपल्याकडून मुलाला लागण होण्याची. फ्लूचा रुग्ण लक्षणांच्या आदल्या दिवसापासून पुढे पाच ते सात दिवस विषाणू पसरवू शकतो. टेकडीवरच्या मोकळ्या हवेत तो विरून जातो. बंद काचांच्या मोटारीत आणि एकाच थर्मासातून प्यायलेल्या गरम चॉकलेटात नाही. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राचा २०२४पासूनचा सल्ला असा की, तापाचं औषध न घेता २४ तास ताप नसेल आणि एकूण बरं वाटू लागलं असेल तर रोजचे व्यवहार सुरू करावेत, मात्र पुढचे पाच दिवस जपावं.

रोजचे व्यवहार म्हणजे सात मेटची टेकडी नव्हे. क्रीडावैद्यकात रँडी आइकनर यांनी १९९३च्या सुमारास रूढ केलेली एक ढोबळ कसोटी आहे. तक्रार मानेच्या वर असेल, म्हणजे नाक गळणं, शिंका, घशाची खवखव, तर हलका व्यायाम चालतो. मानेखाली असेल, म्हणजे छातीतला खोकला, अंगदुखी, ताप, तर नाही. यामागची मुख्य भीती हृदयाच्या स्नायूला विषाणूची बाधा होण्याची असते. चढावर असताना दुसरी कसोटी जिभेवरच असते: एक पूर्ण वाक्य न थांबता बोलता आलं पाहिजे. मुलाच्या ‘आई, अजून एकदा!’ला नुसतं हाताने उत्तर द्यावं लागत असेल तर थांबायची वेळ झाली. कोविडनंतर अनेकांना आणखी एक गोष्ट नव्याने कळली. काहींच्या बाबतीत श्रमाची वसुली त्याच दिवशी होत नाही, ती बारा ते अठ्ठेचाळीस तासांनी येते. टेकडीवर झक्कास वाटलं आणि परवा उठवेना, असं होत असेल तर मन मारून का होईना, फेऱ्या निम्म्याच कराव्यात.

उतार फुकट म्हटला तरी तो अगदीच बिनखर्चाचा नाही. १२ मीटर उंचीवरून घर्षणच नसतं तर गाडीने ताशी ५५ किलोमीटरचा वेग गाठला असता. बर्फ आणि हवा मिळून तो बराच कमी करतात, तरी तीस-चाळीसपर्यंत जाणं अवघड नाही. गाडी इतकी सरकते कशी, याचं जुनं स्पष्टीकरण होतं की वजनाच्या दाबाने बर्फ वितळतो. १९३९ साली बाउडन आणि ह्यूझ यांनी स्वित्झर्लंडमधल्या युंगफ्राउयोख इथल्या बर्फाच्या गुहेत प्रयोग करून दाखवलं की घर्षणाची उष्णताच पाण्याचा पातळ थर तयार करते. म्हणून कडाक्याच्या थंडीत, उणे पंचवीस-तीसला, हा थर नीट बनत नाही आणि बर्फ वाळूसारखा घासतो. शून्याच्या थोडं खाली गाडी सर्वांत छान पळते. वजनदार गाडीला हवा कमी अडवते, त्यामुळे आईच्या मांडीवर बसलेलं मूल एकट्याने जातं त्याहून जास्त वेगाने जातं, आणि झाडावर आदळलं तर दोघांच्या वजनानिशी आदळतं. १९९७ ते २००७ या काळात अमेरिकेत दरवर्षी सरासरी वीस हजारांहून जास्त मुलं स्लेडिंगच्या दुखापतींमुळे इस्पितळांच्या तातडीच्या विभागात आली. निम्म्याच्या आसपास दुखापती टकरीच्या होत्या. तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला आहे की पाय पुढे करून, बसून घसरावं, पालथं पडून डोकं पुढे करून नाही. हेल्मेट हवंच.

याच धास्तीने नगरपालिका टेकड्यांना कुलपं घालतात. आयोवातल्या ड्यूब्यूक शहराने २०१५ साली आपल्या ५० बागांपैकी दोन सोडून सगळीकडे स्लेडिंग बंद केलं. टोरोंटोने जानेवारी २०२४मध्ये ४५ टेकड्यांवर मनाई केली. वॉशिंग्टनमध्ये कॅपिटॉलच्या उतारावरची बंदी मोडायला २०१५च्या मार्चमध्ये आईबाप मुलांना घेऊन घसरगाड्यांसह हजर झाले, आणि त्या वर्षअखेरीला अमेरिकी संसदेने मुलांना अडवू नका असं पोलिसांना बजावलं. बंदी मला फारशी पटत नाही. खाली सपाट मोकळी जागा आणि आसपास झाड-खांब नसलेली टेकडी शोधणं हे आपलं काम आहे. दुखण्यातून उठलेल्या पालकासाठी तर ते दुप्पट महत्त्वाचं, कारण थकलेल्या पायांनी ब्रेक लागत नाही.

औषधांचा विचार मात्र कुणी करत नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डोक्याला बसलेला साधा फटकाही आत रक्तस्राव करू शकतो. महिनोन्‌महिने स्टेरॉइड घेतलेल्यांची हाडं ठिसूळ होतात, आणि बसल्या अवस्थेत गाडी उंचवट्यावरून उडून आदळली की मार थेट कण्याच्या मणक्यावर येतो. मोठ्या माणसांचे मणके असे खरोखर दबतात. केमोथेरपीतलं ऑक्सालिप्लॅटिन घेणाऱ्यांना गार धातूला हात लागला तरी बोटांना झिणझिण्या येतात, गार हवेने घसा आवळल्यासारखा होतो. या तिघांनी खाली उभं राहून टाळ्या वाजवाव्यात. मुलाला त्याचं काही वाटत नाही. त्याला पाहणारं कुणी हवं असतं.

आपल्याकडच्या बऱ्याच जणांचं स्लेडिंग गुलमर्गला होतं, आणि तिथे हा हिशेबच वेगळा. चढ स्लेजवाला चढतो. पर्यटक लाकडी गाडीवर बसतो आणि कुणी काश्मिरी माणूस दोरी खांद्यावर घेऊन त्याला ओढत नेतो. पण गुलमर्ग २,६५० मीटरवर आहे आणि तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या पाऊणपटच. मुंबईहून दुसऱ्याच दिवशी तिथे पोचलेल्या, छातीत कफ असलेल्या माणसाला हॉटेलचा जिनासुद्धा टेकडीसारखा लागतो. सहलीचे पैसे भरलेत म्हणून खोकत निघणारे दर मोसमात दिसतात.

न्यूमोनियाचे सहा आठवडे मोजले तर जानेवारीत आजारी पडलेल्याचे ते फेब्रुवारीअखेर भरतात, आणि ऑन्टॅरियोत तेव्हाही बर्फ असतो. मार्चचा बर्फ ओला. पाण्याचा थर फार जाड झाला की तो गाडीच्या तळाला चिकटून मागे ओढतो, वेग पडतो. मुलं कुरकुरतात, पण हवा शून्याच्या आसपास आलेली असते, श्वासनलिका तितक्या कोरड्या पडत नाहीत, आणि मधल्या आठवड्यांत पायांत थोडी ताकद आलेली असते. फक्त सकाळी जाऊ नये. दिवसा वितळलेलं पाणी रात्री गोठतं आणि सकाळी टेकडी काचेसारखी टणक असते, वेगही सगळ्यात जास्त. दुपारी दोननंतर ऊन लागून वरचा थर मऊ झाला की निघावं, दोरी मुलाच्या हातात द्यावी, आणि त्याच्यामागून सावकाश चढावं.